टिपायचं, घासायचं नाही

कुंदाताई इंगळे माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते वाक्य असं होतं : "ए पोरी, उजेड सोड."

अमरावतीत राजापेठेतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास होता आणि त्याच्या समोरच ताईंचं पार्लर. मी चांदूर रेल्वेची. वडिलांची तिथं पिठाची गिरणी. मुलगी सरकारी नोकरीला लागावी म्हणून त्यांनी मला अमरावतीला खोली करून दिली होती. त्या दिवशी निकाल लागला होता आणि यादीत माझं नाव नव्हतं, तेही दुसऱ्यांदा. घरी फोन करायचा धीर होईना, म्हणून मी ताईंच्या दाराच्या पायरीवर बसून राहिले होते. आत खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. त्यांना दाराकडं तोंड करायला लावून ताई त्यांच्या जबड्याच्या कडेला फाउंडेशनच्या तीन रेघा ओढत होत्या, आणि माझी सावली नेमकी त्या रेघांवर पडत होती. मी घाईनं उठले. ताईंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं असावं, कारण पुढचं वाक्य जरा मऊ आलं. "तिकडच्या स्टुलावर बस. रडाचं असन तं रड, पन उजेड अडवू नको."

मी रडले नाही, पाहत बसले. तीन रेघांपैकी दोन दिसत राहिल्या आणि मधली बघता बघता कातडीत नाहीशी झाली. ताईंनी तीच बाटली उचलली. मला राहवलं नाही. विचारलं, रेघ गालावर का नाही ओढली? ताई मान न वळवता म्हणाल्या, "गाल खोटं बोलते. उन्हानं काळा पडते, लाजली का लाल होते. गळा खरं सांगते. चेहऱ्याले नाई, गळ्याले विचाराचं." मग थोड्या वेळानं, "उद्या येशील का?"

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी सरकारी नोकर झाले नाही. अकोल्यात जठारपेठेत माझं स्वतःचं पार्लर आहे आणि माझ्या हाताखाली चार मुली शिकतात. गळ्याला विचारा, हे मी त्यांना इतक्या वेळा सांगते की त्या माझ्या पाठीमागं माझी नक्कल करतात.

येत्या महिन्यात ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीनं मला 'ताईंचं कार्य आणि त्यांची मूल्यं' असा विषय दिला. त्यावर मी लिहिणारच आहे. पण ज्या बैठकीत हा ग्रंथ ठरला, त्याच बैठकीत ताईंनी एक गोष्ट जाहीर केली. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात कापतो. साठी झाली की मेकअपचा क्लास बंद करायचा आणि ब्रश कायमचा खाली ठेवायचा, असं त्या शांतपणे म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, दोघीतिघींनी डोळे पुसले, आणि मग हारतुऱ्यांची चर्चा सुरू झाली. मी त्या दिवशी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि तेव्हापासून ते मला डाचत होतं. म्हणून आधीच सांगते, हा लेख गौरवाचा तर आहेच, पण ताईंशी केलेलं भांडणही आहे. गौरवग्रंथात भांडण छापायचं की नाही, ते संपादकांनी ठरवावं.

या ग्रंथाचे सगळेच वाचक आमच्या धंद्यातले नसतील, तेव्हा ताईंच्या कामाबद्दल थोडं उलगडून सांगायला हवं. फाउंडेशन म्हणजे मेकअपचा पाया. तो बसला तर वरचं सगळं बसतं, आणि बिघडला तर वर कितीही कलाकुसर करा, चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. ताई शिकल्या तेव्हा आपल्या भागात सगळ्या जणी तो बोटांनी किंवा स्पंजानं लावत. पुढं नागपूरच्या एका कार्यशाळेत त्यांनी स्टिपलिंग ब्रश पाहिला. त्याचे केस दुरंगी असतात. खालचे काळे, आखूड आणि दाट, वरचे पांढरे, लांब आणि विरळ. फाउंडेशन हाताच्या पालथ्या बाजूवर घ्यायचं, पांढरी टोकं त्याला नुसती लावायची आणि चेहऱ्यावर हलकेच टिपत जायचं. नाकापासून गालाकडं, कपाळाच्या मध्यापासून कडेकडं, आणि जबड्यावरून खाली गळ्यात उतरवायचं. ब्रश दाबायचा नाही, ओढायचा नाही. मग त्याच टोकांनी अगदी हलकं फिरवून ते ठिपके एकमेकांत मिसळायचे. नीट जमलं तर खालची कातडी कातडीसारखीच दिसते, तीळ असेल तर तीळही दिसतो. वैशाखातल्या अमरावतीच्या उन्हातही असा पातळ थर टिकतो, थापलेला थर ओघळतो.

ताईंनी तो ब्रश अमरावतीत आणला, त्याचं नाव आमच्या तोंडी बसेना म्हणून 'टिपायचा ब्रश' करून टाकलं, आणि मग पंचवीसेक वर्षं मुलींना एकच वाक्य सांगितलं : "टिपाचं, घासाचं नाई."

शिकवण्याची त्यांची रीत वेगळीच होती. पहिले दोन महिने त्यांनी मला फक्त ब्रश धुवायला लावले. कोमट पाण्यात, केसांच्या दिशेनं, आणि वाळत घालताना केस खाली, दांडा वर, म्हणजे पाणी दांड्यात मुरत नाही. मला तो वेठबिगारीचा प्रकार वाटायचा. एकदा घाईच्या दिवशी मी एकीचा ब्रश न धुता दुसरीच्या चेहऱ्याकडं नेला. ताईंनी मनगट धरलं आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या खोलीत विचारलं, "दुसरीचं तोंड या पोरीले काहून लावून राहिली?" त्यानंतर माझ्या हातून ती चूक झाली नाही. त्यांचं बोलणं झोंबायचं, हे कबूल करायला हवं. पुण्याहून लग्न होऊन आलेली एक मुलगी तर दुसऱ्याच दिवशी क्लास सोडून गेली होती, आणि पाचव्या दिवशी परत आली.

ब्रश धुण्यानंतर वांगी. भरताचं मोठं, तुकतुकीत वांगं घ्यायचं आणि त्यावर फाउंडेशन टिपायचं. वांग्याच्या जांभळ्या सालीवर ब्रशाचा एक ओरखडाही लपत नाही, म्हणून ताईंनी ही युक्ती काढली होती. अंगठ्याएवढ्या जागेत एकही रेघ दिसली नाही की वांगं पास. मग ते चांगलं धुऊन, भाजून, संध्याकाळी ताईंच्याच घरी त्याचं भरीत व्हायचं. माझी वांगी फार नापास झाली. त्या हिवाळ्यात मी आणि इंगळे सरांनी इतकं भरीत खाल्लं की पुढं कित्येक वर्षं सर मला पाहिलं की विचारायचे, "आज किती वांगे वाया घातले व?"

इंगळे सर म्हणजे ताईंचे यजमान. हायस्कूलात भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांना मेकअपमधलं काही कळत नाही, आणि ताईंच्या मते म्हणूनच ते परीक्षक म्हणून योग्य. आमची शेवटची परीक्षा अशी असायची : चेहऱ्याची अर्धी बाजू ताई करणार, अर्धी आम्ही. नाकाच्या मधोमध सीमा. झालं की सरांना बोलवायचं. ते चष्मा कपाळावर चढवून नकाशा पाहावा तसं पाहायचे आणि निकाल द्यायचे, "पूर्वेकडं जरा उंच झालं." किंवा, "पश्चिमेकडं सीमा दिसून राहिली." सरांना फरक दिसला नाही तर मुलगी पास. ताईंच्या क्लासचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं असतं, पण आम्ही मुली एकमेकींना विचारायचो ते इतकंच, सरांनी तुला ओळखलं का?

आता चांदूरची गोष्ट. ती मी आजवर कुठंही लिहिली नाही, कारण तिच्यात माझी शोभा झाली आहे. पण तिच्याशिवाय हे भांडण उभं राहत नाही.

मला ताईंकडं शिकायला लागून तिसरं वर्ष सुरू होतं. एकाच दिवशी दोन लग्नं आली, एक अमरावतीत आणि एक चांदूर रेल्वेत. चांदूर माझं गाव, म्हणून ताईंनी मला एकटीला पाठवलं. नवरी शीतल, जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच लागलेली शिक्षिका. सावळी, तुकतुकीत कातडीची, मोठ्या डोळ्यांची. बौद्ध पद्धतीचं लग्न, त्यामुळं साडी पांढरीशुभ्र. मी बाटल्या मांडल्या, गळ्याला विचारलं, योग्य शेड काढली. तेवढ्यात शीतलच्या मावशी शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पांढऱ्या साडीत अजून काळी दिसन थे. जरा उजळ कर न व. तिकडचे लोक पाहून राहिले."

मावशी आमच्याच गिरणीवर दळण आणायच्या. मला लहानपणापासून ओळखत होत्या. मला नाही म्हणवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं की साडी पांढरी आहे तर चेहरा उजळ हवाच. ज्या ताईंनी स्वतःच्या बौद्ध वस्तीतल्या पांढऱ्या साड्यांच्या नवऱ्या नटवूनच हा धंदा उभा केला, त्यांच्या शिष्येनं करावी अशी ही चूक नव्हती. मी दोन शेड उजळ बाटली उघडली. ती कातडीवर बसेना. तरंगत राहिली, तेव्हा मी टिपायचा ब्रश बाजूला ठेवला आणि स्पंज घेऊन घासत सुटले. एक थर, मग दुसरा. खोलीत ट्यूबलाइट होती, तिच्या उजेडात सगळं झकास दिसत होतं. मावशी खूश झाल्या.

मग शीतल फोटोसाठी मांडवाच्या दारात गेली आणि तिच्यावर दुपारचा उजेड पडला. चेहरा राख फासल्यासारखा, आणि जबड्याखाली गळा वेगळ्याच कुणाचा. वर पांढरी साडी, त्यामुळं ते अधिकच उघडं पडलं. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. शीतलनं माझ्या पेटीतला आरसा मागून घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली. ती रडली नाही, माझ्यावर चिडलीही नाही. फक्त म्हणाली, "माह्या वर्गातले पोरं येनार हायेत. मले वळखतीन का थे?"

मी कोपऱ्यात जाऊन ताईंना फोन केला. अमरावतीची नवरी त्यांनी सकाळीच आटोपली होती; त्यांनी माझं अर्धंच ऐकलं आणि फोन ठेवला. तासाभरात इंगळे सरांची स्कूटर मंगल कार्यालयाच्या दारात उभी राहिली. भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून सर पुढं आणि मांडीवर पेटी धरून ताई मागं. ताई आत आल्या, शीतलकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काहून व, बापाच्या गिरणीतून काढली का हे पोरगी?"

सगळ्यात आधी शीतल हसली, मग खोलीतल्या सगळ्या जणी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण आज कळतं, ते हसू शीतलला हवं होतं. ताईंनी तिचा चेहरा धुवायला घेतला तशा मावशी पुढं झाल्या. पाहुणे येऊन बसले, आता कुठं नव्यानं करता, म्हणाल्या. ताईंनी हात थांबवले नाहीत. "मावशी, गोरी करू का चांगली करू? एक सांगा."

मावशींनी एकदा शीतलकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "चांगली कर."

ताईंनी घासून लाल झालेल्या त्या कातडीवर गार पाण्याचं फडकं ठेवलं आणि वीस मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. बाहेर लाउडस्पीकरवर पाहुण्यांची नावं घेत होते. ताई स्टुलावर शांत बसल्या होत्या. मग दाराकडं तोंड, तीन रेघा, गळ्याला विचारणं, आणि टिपायचा ब्रश. उजवी बाजू त्यांनी दहा मिनिटांत केली. शीतलचा रंग तिथंच होता, फक्त सकाळपासूनचा थकवा निघून गेला होता. मी मागं उभी राहून ब्रश धुवायची वाट पाहत होते. ताईंनी तो धुतला, झटकला आणि माझ्यापुढं धरला. "दुसरी बाजू तुही."

मी म्हटलं, "ताई, मले नाई जमनार. पाहा न, माहा हात कापून राहिला."

खरंच कापत होता. सगळं गाव पाहत होतं. त्यावर ताई जे म्हणाल्या, ते वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढं लागणार आहे. त्या म्हणाल्या, "कापू दे. टिपाले कापरा हात चालते. घासाले नाई चालत."

मी ब्रश घेतला आणि टिपत गेले. हात कापतच होता, पण ठिपका थोडा इकडं पडला काय, तिकडं पडला काय, मिसळताना सगळे एकच होतात. झाल्यावर ताईंनी सरांना हाक मारली. सर पाण्याचा ग्लास हातात घेऊन दारात आले, चष्मा वर चढवला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "पूर्व काय अन् पश्चिम काय, मले तं फरक नाई दिसत," म्हणाले आणि उरलेलं पाणी पीत निघून गेले. थोड्या वेळानं शीतलच्या वर्गातली मुलं आली. मांडवात शिरल्याबरोबर एका दमात ओरडली, "म्याडम!" मी पडद्यामागं उभी राहून पोटभर रडले, आणि त्या दिवशी उजेड मी कुणाचा अडवत नव्हते.

ताई पेटी घेऊन सरांच्या मागं स्कूटरवर बसल्या आणि निघून गेल्या, मी एकटीच एसटीनं परतले. दुसऱ्या दिवशी मी पार्लरला जावं की नाही या विचारात असताना त्यांचाच फोन आला, की सोमवारच्या नवरीसाठी मी एकटीनं जायचं आहे. चूक झालेल्या माणसाला लगेच दुसरं काम द्यायचं, ही ताईंची रीत पुढं मी अनेकींच्या बाबतीत पाहिली. माझ्या मुलींच्या बाबतीत मी ती पाळायचा प्रयत्न करते. दरवेळी जमतं असं नाही, मला राग लवकर येतो.

लग्नानंतर मी अकोल्याला आले आणि जठारपेठेत दुकान थाटलं. सुरुवातीचे काही आठवडे कुणी फिरकलं नाही. लोक काचेतून आत पाहायचे, रिकामी खुर्ची दिसायची आणि पुढं जायचे. मी हे ताईंना फोनवर सहज बोलले. पुढच्या गुरुवारी, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ताई सकाळच्या एसटीनं अकोल्याला आल्या आणि काचेसमोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. "रिकामी खुर्ची पाहून कोनी येत नाई. माह्या केसाले तेल लाव. सावकाश लाव, चार घंटे लाव." मग त्या प्रत्येक गुरुवारी येऊ लागल्या. आठवड्याची त्यांची एकुलती एक सुट्टी, जाऊन येऊन पाचसहा तास एसटीत. त्यांच्या केसांना मी इतकं तेल लावलं की माझ्या पहिल्या खऱ्या गिऱ्हाइकानं 'त्या लांब केसांच्या बाईंना लावता तेच तेल मलाही लावा' असं सांगितलं. ज्या गुरुवारी ताई आल्या आणि खुर्ची भरलेली दिसली, त्या दिवशी त्या बाहेरूनच हात हलवून एसटी स्टँडकडं वळल्या. चहालासुद्धा थांबल्या नाहीत. मी हातातलं काम टाकून जाऊ शकले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

अशा ताई आता म्हणतात की हात कापतो, म्हणून ब्रश खाली ठेवते.

कंप मलाही दिसतो. कपबशी उचलली की बशी वाजते. डॉक्टरांनी घाबरण्यासारखं काही नाही असं सांगितलं आहे आणि हा कंप पुरता जाणार नाही हेही सांगितलं आहे. डोळ्यावरची काजळाची बारीक रेघ ताईंनी आता ओढू नये, हे मला मान्य आहे. भांडायचं म्हणून मी खोटं बोलणार नाही. पण दोन वर्षं झाली, त्यांनी फाउंडेशनलाही हात लावलेला नाही. क्लासमध्ये त्या खुर्चीवर बसून तोंडी सांगतात आणि हात पदराखाली ठेवतात. मुलींना वाटतं, मोठ्या बाई आहेत, आता स्वतः काम करत नसतील.

हा लेख लिहायला बसायच्या आधी, गेल्या आठवड्यात, मी अमरावतीला गेले. दुपारची वेळ, क्लास सुटलेला. मी सरळ विषय काढला. ताई म्हणाल्या, "हात हालून राहिला वंदने. असा हात कोनाच्या तोंडावर ठेवू? पोरीच्या आयुष्यातला एक दिवस असते थो."

मी म्हटलं, "माह्या तोंडावर ठेवा. मले आज कुठं लग्न लागाचं हाय?"

आणि जाऊन खुर्चीत बसले, दाराकडं तोंड करून. बावीस वर्षांत ताईंनी माझा चेहरा कधी केला नव्हता. माझ्या लग्नातही नाही. त्या दिवशी मैत्रिणीनं मला सजवलं आणि ताई पाहुण्यांसारख्या पहिल्या रांगेत बसल्या. मी बाटल्या मांडल्या, टिपायचा ब्रश त्यांच्यापुढं धरला आणि म्हटलं, "उजवी बाजू तुमची. डावी माही."

ताईंनी ब्रश घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ती भीती होती. ज्या बाईंनी शंभर मावशांना सरळ उत्तरं दिली, त्या एका ब्रशाला घाबरल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, चांदूरले तुमीच म्हटलं होतं मले. टिपाले कापरा हात चालते. का थे नुसतं माह्यासाठी होतं?"

त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला. मग पदर खोचला. माझ्या जबड्यावर तीन रेघा ओढल्या, त्या वाकड्या आल्या, पण मधली नाहीशी झाली. ताईंनी पांढरी टोकं फाउंडेशनला लावली आणि माझ्या नाकाच्या कडेपासून टिपायला सुरुवात केली. ब्रश कापत होता, ते मला गालावर कळत होतं. पाखरू दाणे टिपतं तसं काहीतरी. हळूहळू त्यांचा श्वास एका लयीत आला. टिपताना त्या बोलत नाहीत, हे मी विसरून गेले होते. झाल्यावर ब्रश धुऊन मला दिला. मी आरशात पाहून माझी बाजू केली. डोळे भरून येत होते, घाईत दोनदा पुसले, तसंच पुढं रेटलं.

ताईंनी सरांना हाक मारली. आवाज अगदी पूर्वीसारखा होता. सर पेपर हातात घेऊन आले, चष्मा कपाळावर चढवला. काय चाललं आहे, कुणी कुठली बाजू केली, त्यांना काही ठाऊक नव्हतं. मला दाराच्या उजेडात उभं केलं आणि पाहत राहिले. ताई खिडकीकडं पाहत होत्या, दोन्ही हात पदराखाली. मी सरांच्या तोंडाकडं बघू शकले नाही.

"हे बाजू साफ हाय," सर माझ्या उजव्या गालाकडं बोट करून म्हणाले. मग डावीकडं वळले. "इकडं नाकाजवळ जाड झालं. घासल्यावानी."

डावी बाजू माझी.

ताई गर्रकन वळल्या. मी बोलायला तोंड उघडलं, पण सरांचं संपलं नव्हतं. पेपरची घडी करत ते म्हणाले, "चांदूरलेही तिथंच जाड झालं होतं. त्या दिवशी बोललो नाई."

वीस वर्षं मी ज्या निकालावर माझं दुकान उभं केलं, तो निकाल सरांनी दयेपोटी दिला होता. मी ताईंकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यांनाही ते त्याच दिवशी दिसलं होतं. आणि तरी दुसऱ्या दिवशी फोन आला होता. मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. ताई माझ्याजवळ आल्या, बोटानं माझ्या नाकाची डावी कड पाहिली, त्यांचं बोट कापत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"अजून घासतेच तू," त्या म्हणाल्या. मग ब्रश धुतला, केस खाली करून खुंटीला लावला आणि पाठमोऱ्याच बोलल्या, "सोमवारी क्लासले ये. पोरीसमोर दाखवतो तुले, नाकाजवळ कसं टिपाचं थे."

समितीनं या सोमवारची नोंद घ्यावी. निवृत्तीचा हार मागवला असेल तर तो साठीचा समजावा.

कुंदाताईंना माझ्या आणि त्यांच्या सगळ्या मुलींच्या मनापासून मंगलकामना. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे जिना चढू देवोत, आणि दारातला उजेड कुणी अडवू नये. हात कापला तर कापू दे. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. बावीस वर्षं झाली, नाकाजवळची ती जागा मला अजून जमलेली नाही, आणि ती मला दुसऱ्या कुणाकडून शिकायची नाही.

— वंदना ढोके, जठारपेठ, अकोला